मराठी चित्रपटकर्त्यांना खुले पत्र : सप्टेंबरचा नव्हे, डिसेंबरचा पट दाखवा

प्रति,
मराठी चित्रपटांचे पटकथाकार, दिग्दर्शक आणि निर्माते यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात चित्रपटाच्या कथेच्या शोधात निघालेले दोघे तरुण आमच्या शाळेत येऊन गेले. नव्याने नोकरीला लागलेल्या शिक्षकाची खेड्यातली पहिली नेमणूक हा त्यांचा विषय होता. त्यांनी मोठ्या आदराने माझ्यासमोर मोबाइल ठेवला, ध्वनिमुद्रण सुरू केले आणि विचारले, ‘‘बाई, तुमच्या पहिल्या नेमणुकीतला सर्वांत नाट्यमय प्रसंग कोणता?’’ मी त्यांना ओढ्याला आलेल्या पुराची गोष्ट सांगितली. तांड्याच्या, म्हणजे बंजारा वस्तीच्या, नायकांनी (प्रमुखांनी) दोर लावून मला पलीकडे कसे नेले, माझी पिशवी कशी वाहून गेली आणि तरीही शाळा त्या दिवशी कशी भरली, हे सगळे मी रंगवून सांगितले. ते खूश झाले. ओढा कुठे आहे, तिथे ड्रोन उडवता येईल का, याची चौकशी करून ते निघून गेले.

ते गेल्यावर मला चुकल्यासारखे वाटू लागले. पुराची गोष्ट खरी होती, पण ती दहा मिनिटांत घडली, दहा मिनिटांत संपली आणि मागे काहीही ठेवून गेली नाही. जे प्रसंग चोवीस वर्षांनंतरही मला रात्री आठवतात, त्यांत पाणी नाही, वादळ नाही, बहुतेकांत संवादही नाहीत. ते मी सांगितले नाहीत, कारण चित्रपटवाल्यांना काय हवे असते याचा माझा मीच अंदाज बांधला होता. त्या चुकीची दुरुस्ती म्हणून हे पत्र लिहीत आहे. त्या दोघांचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून ते तुम्हा सर्वांना उद्देशून लिहीत आहे.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या एका तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. माझी पहिली नेमणूक २००१ सालच्या जुलैमध्ये एका बंजारा तांड्यावर झाली. शिक्षणसेवक योजना तेव्हा नवीन होती. तीन वर्षे दरमहा ३,००० रुपये मानधन आणि काम समाधानकारक ठरले तर पुढे वेतनश्रेणी, असा तिचा व्यवहार होता. (हे मानधन २०१२ साली ६,००० रुपये झाले आणि २०२३ पासून ते १६,००० रुपये आहे. तुमच्या पटकथेतल्या शिक्षकाच्या खिशात किती पैसे असतील, हे कथा कोणत्या वर्षी घडते यावर अवलंबून आहे. एवढा हिशेब तरी चुकवू नये.) शाळा दोन खोल्यांची, वर्ग चार आणि शिक्षक दोन होते. दुसरे गुरुजी माझ्या वडिलांच्या वयाचे होते आणि तालुक्याच्या गावाहून मोटारसायकलवर येत. पटावर अडतीस मुले होती.

या विषयावरची आपल्या भाषेतली सर्वांत चांगली कथा सत्तर वर्षांपूर्वीच लिहून झाली आहे, हे तुम्हांला ठाऊक असेलच. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने आली आणि १९९५ साली अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट केला. त्यात मास्तरांचे काम चंद्रकांत कुलकर्णी यांनी केले होते. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक कोवळ्या वयाचा मास्तर येतो. शाळा बंद पडलेली असते, पोरे मेंढरांमागे गेलेली असतात. मग कारभाऱ्यांच्या आधाराने हळूहळू शाळा भरू लागते, मास्तर लोकांची कागदपत्रे लिहून देतो, त्यांच्या भांडणांत नको असताना ओढला जातो आणि शेवटी गावाच्या अंगमेहनतीतून तालीम उभी राहते. तिच्या उद्घाटनाला प्रत्यक्ष राजेसाहेब येतात. दुसऱ्या कोणी लिहिली असती तर कथा तिथे, गुलालात, संपली असती. माडगूळकर मात्र तिथे थांबत नाहीत. त्यानंतर दुष्काळ येतो, मेंढरे मरू लागतात, माणसे बिऱ्हाड उचलून एकामागून एक निघून जातात आणि मास्तरापाशी शाळा उरते, मुले उरत नाहीत. गाव मास्तराला सोडून जाते आणि मग त्यालाही तिथे राहण्याचे कारण उरत नाही.

हे पुस्तक मी डी.एड.ला असताना वाचले होते आणि आवडले होते. तांड्यावरच्या पहिल्या दिवाळीनंतर मी ते पुन्हा वाचले, तेव्हा ते मला आवडले असे म्हणता येणार नाही. मी त्यातली शेवटची पाने सारखी उलटून बघत होते. माझ्या तांड्यावरही कारभारी होते, कारण बंजारा तांड्यात नायकाच्या खालोखाल ज्याचा मान असतो त्याला कारभारीच म्हणतात. पण बनगरवाडीवर जे एका दुष्काळात घडले, ते आमच्याकडे दरवर्षी घडत होते आणि पाऊस चांगला झाला तरीही घडत होते.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तांड्यावरची माणसे दरवर्षी साखर कारखान्यांसाठी ऊस तोडायला जातात. मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. दसरा झाला की लगबग सुरू होते आणि दिवाळीच्या मागेपुढे ट्रक-ट्रॅक्टर लागतात. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, नगर आणि सीमेपलीकडे कर्नाटकातले बेळगाव, अशा कारखान्यांच्या भागांत कुटुंबे जातात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलात तोडणीचा हंगाम संपेपर्यंत, तिथेच उसाच्या पाचटाच्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, राहतात. हिशेब माणसांचा होत नाही, कोयत्यांचा होतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्या जोडीबरोबर तान्हे मूल जाते, तान्ह्याला सांभाळायला त्याची सात-आठ वर्षांची बहीण जाते आणि तिच्या पाठचा भाऊ मागे एकटा कसा ठेवायचा म्हणून तोही जातो. दिवाळीची सुट्टी संपवून मी पहिल्यांदा वर्ग उघडला, तेव्हा अडतीसांपैकी नऊ मुले बसलेली होती. त्या नऊ जणांमधल्या सहा जणांच्या आज्या दाराशी उभ्या होत्या.

आता पटाबद्दल. शिक्षकांची पदे विद्यार्थिसंख्येवरून ठरतात. त्या प्रक्रियेला संचमान्यता म्हणतात आणि तिच्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरण्याची प्रथा शिक्षण खात्यात फार जुनी आहे. २०११ साली राज्यभर एकाच वेळी जी पटपडताळणी झाली, तीसुद्धा ३ ते ५ ऑक्टोबर या दिवसांत झाली. सप्टेंबरअखेर आमचा तांडा भरलेला असतो, सोयाबीन काढणीला आलेले असते, घरात उचलीचे पैसे असतात आणि वर्गात बसायला जागा नसते. त्या दिवशी मोजलेला पट अगदी खरा असतो. डिसेंबरात मोजला तर तोही खराच असेल. पण या दोन खरेपणांमध्ये जे घडते, त्याचा रकाना कोणत्याही नोंदवहीत नाही. तुमचे चित्रपटही, क्षमा असावी, सप्टेंबरच्या पटावरच काढलेले असतात. हिरवे डोंगर, भरलेला वर्ग, कॅमेऱ्याकडे बघून हसणारी पोरे आणि त्यांच्या मधोमध नवा शिक्षक, ही सगळी ३० सप्टेंबरची शाळा आहे.

मी त्या तरुणांना जो प्रसंग सांगायला हवा होता तो डिसेंबरातला आहे.

सुट्टीनंतरचे पंधरा-वीस दिवस मी हजेरीपटावर गैरहजेरी प्रामाणिकपणे लावली. एकोणतीस नावांपुढे एकोणतीस खुणा, रोज. एका दुपारी गुरुजींनी तो हजेरीपट पाहिला, मिटवला आणि माझ्याशी पहिल्यांदाच खुर्चीवर नीट बसून बोलले. ‘‘बाई, खरे लिहायला माझी ना नाही. पण पट तुटला तर दुसरी जागा जाईल. ती जागा तुमची आहे. तुम्ही गेलात तर चार वर्ग माझ्या एकट्याकडे येतील आणि एप्रिलात पोरे परत आली की त्यांना शिकवणार कोण, ते तुम्हीच सांगा.’’ ते वाईट माणूस नव्हते आणि आळशीही नव्हते. त्यांच्या बोलण्यात एकही खोटे विधान नव्हते.

दुसरी गोष्ट तांदळाची होती. १९९५ साली पोषण आहाराची योजना आली, तेव्हापासून महिन्यात ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला घरी नेण्यासाठी तीन किलो तांदूळ मिळत असे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला होता, पण तो आमच्या तांड्यापर्यंत पोहोचायला अजून अवकाश होता. मूल थळावर, म्हणजे ऊसतोडीच्या मुक्कामी, गेले असले तरी घरी म्हातारी होतीच, आणि मुलगा-सून परत येईपर्यंत ती कशावर दिवस काढते हे मला दिसत होते. मी गैरहजेरी लावली तर तो तांदूळ येणार नव्हता. महिनाअखेर एक आजी रिकामी पिशवी घेऊन व्हरांड्यात येऊन बसली. तिने काही मागितले नाही. दुपारची सुट्टी झाली, शाळा सुटली, तरी ती बसूनच होती.

मी त्या महिन्यापासून खोटी हजेरी लावली. एकवीस वर्षांची होते, शाई निळी होती, आणि पहिली खूण करायला मला जितका वेळ लागला तितका वेळ नंतरच्या अठ्ठावीस खुणांना मिळून लागला नाही. पुढे शिजवलेली खिचडी आली आणि ती फार चांगली सुधारणा होती, कारण समोर बसलेल्या मुलाच्या पोटात अन्न जाऊ लागले. पण त्या आजीच्या पिशवीचा प्रश्न तिने सोडवला नाही. मी केले ते बरोबर होते असा दावा मी करत नाही. मी केले ते चूक होते, असे म्हणून मोकळे होणेही मला आजवर जमलेले नाही. तुम्ही नाट्य शोधत असता म्हणून सांगते, माझ्या पहिल्या नेमणुकीतले नाट्य हे होते. त्यासाठी एक टेबल, एक हजेरीपट आणि व्हरांड्यात बसलेली एक बाई एवढेच लागते. ड्रोन लागत नाही.

बाहेरच्या देशांत या विषयावर गाजलेले दोन चित्रपट मी पुढे पाहिले आणि दोन्ही मला माझ्या तांड्याच्या अंगाने पाहावे लागले. पहिला भूतानचा ‘लुनाना : अ याक इन द क्लासरूम’. पावो चोयनिंग दोरजी यांनी तो २०१९ साली केला आणि पुढे ऑस्करच्या अंतिम नामांकनापर्यंत पोहोचलेला तो भूतानचा पहिला चित्रपट ठरला. ऑस्ट्रेलियाला जाऊन गायक होण्याची स्वप्ने पाहणाऱ्या शिक्षकाला हिमालयातल्या अतिदुर्गम लुनानाला पाठवले जाते. तिथे फळा नाही, कागदाची चणचण आहे, जळणाला याकचे शेण आहे आणि इंग्रजी मुळाक्षरे शिकवताना ‘कार’ या शब्दाचा उपयोग नाही, कारण मुलांनी कार पाहिलेलीच नाही. हा शेवटचा प्रसंग पाहून मी मोठ्याने हसले. आमच्या तांड्यावरच्या पोरांनी तरी ‘अ’चे अननस कुठे पाहिले होते? चित्रपट सुंदर आहे, यात शंका नाही. पण हिवाळा जवळ आल्यावर शिक्षक निघतो, कॅमेरा त्याच्याबरोबर निघतो आणि शेवट सिडनीतल्या एका बारमध्ये होतो, जिथे तो लुनानात शिकलेले गाणे गाऊ लागतो. माझ्या डोळ्यांत पाणी आले हे कबूल करते. घरी येईपर्यंत मात्र मला वेगळीच चिंता लागून राहिली होती. पुढच्या वसंतात त्या मुलांकडे कोण आले असेल, आणि तो किती दिवस टिकला असेल?

दुसरा चीनचा, झांग यिमौ यांचा ‘नॉट वन लेस’. तो १९९९ चा असून व्हेनिस महोत्सवात त्याला ‘गोल्डन लायन’ हा सर्वोच्च सन्मान मिळाला होता. तेरा वर्षांची मुलगी एका खेड्यात बदली शिक्षिका म्हणून येते. परत येईपर्यंत एकही मूल कमी होता कामा नये, झाले नाही तर दहा युआन जास्त देईन, असे मूळचे शिक्षक तिला सांगून जातात. मग कर्जबाजारी घरातला एक मुलगा मजुरीसाठी शहरात जातो आणि ही त्याला शोधायला निघते. मला हा चित्रपट जास्त जवळचा वाटतो, कारण त्यात शिक्षिकेच्या पोटात सुरुवातीला प्रेम नाही, पटाची भीती आणि दहा युआनचा लोभ आहे. आणि प्रेम आलेच असेल तर ते त्या भीतीच्याच वाटेने येते. पण तिथे एक मुलगा गेला होता. एकवीस वर्षांच्या शिक्षणसेविकेने एकोणतीस मुलांना शोधायला कोणत्या ट्रकमागे जावे?

मी एकदा गेले होते. त्याचे कारण तिसरीतली एक मुलगी. तिचे नाव सांगत नाही. ती आता स्वतःच आई आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात ती चार अंकी संख्या वाचायला शिकली आणि इतकी रमली की दारावरून जाणाऱ्या प्रत्येक वाहनाचा क्रमांक मोठ्याने वाचत असे. ही मुलगी तरी जाऊ नये म्हणून मी दिवाळीआधी तिच्या वडिलांकडे गेले. आजीजवळ राहू द्या, मी संध्याकाळी येऊन अभ्यास घेईन, असे विनवले. मुलींसाठी उपस्थिती भत्ता मिळतो, हेही सांगितले. तो भत्ता दिवसाला एक रुपया होता आणि तो उच्चारताना मला स्वतःचीच लाज वाटली. वडील शांतपणे म्हणाले, ‘‘बाई, तुम्ही शिकवलं म्हणून तर हिला नेतो. मागल्या साली काट्यावर लई फसलो. आता हिला पावती वाचता येती.’’

कारखान्याच्या वजनकाट्याची पावती. गाडीत किती टन ऊस गेला ते तिच्यावर असते आणि कोयत्याचा सगळा हिशेब त्या आकड्यावर असतो. मी शिकवलेले चार अंक त्या घरात वर्षानुवर्षे नसलेली गोष्ट घेऊन आले होते आणि त्यामुळेच ती मुलगी वर्गातून जाणार होती. जानेवारीत एका रविवारी मी एसटीने दोन गाड्या बदलून तिच्या थळावर गेले. मोळ्यांच्या ढिगाआड बसून ती धाकट्या भावाला झोपवत होती. तिने मला ओळखले, हसली आणि पाचटात जपून ठेवलेल्या पावत्यांचा गठ्ठा आणून दाखवला. सगळे आकडे तिने न अडखळता वाचले. एकदा काट्यावरच्या माणसाने पावतीवर कमी आकडा लिहिला होता, तो तिने वडिलांना सांगितला आणि त्यांनी भांडून दुरुस्त करून घेतला, हेही तिच्या आईने कौतुकाने सांगितले. परतीच्या गाडीत मला आनंद होत होता की वाईट वाटत होते, हे ठरवता येत नव्हते. एप्रिलात पट्टा पडल्यावर ती आली, तेव्हा वार्षिक परीक्षेचे दोन पेपर होऊन गेले होते. गणिताचा पेपर तिने वर्गात सर्वांत आधी सोडवला. मराठीच्या पेपरात तिने काहीच लिहिले नव्हते.

मराठीबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण तुम्ही मराठी चित्रपट करता. तांड्यावर घरात मराठी बोलत नाहीत, गोरमाटी बोलतात. पहिल्याच आठवड्यात मी पहिलीच्या एका मुलाला चित्र दाखवून ‘ही कोण?’ असे विचारले आणि तो ‘याडी’ म्हणाला. मी मान हलवून ‘नाही, आई’ असे म्हटले. तो गप्प बसला आणि पुढचे कितीतरी दिवस गप्पच राहिला. याडी म्हणजेच आई, हे मला कळायला दिवाळी उजाडावी लागली आणि तोवर तो ट्रकमध्ये बसून निघून गेला होता. त्याच्या उत्तराला मी चूक ठरवले होते, ते बरोबर होते असे त्याला सांगायला मला सहा महिने थांबावे लागले. पुढे नायकांच्या सुनेने मला ‘तारो नाम कांई’पासून सुरुवात करून बोली शिकवली. माझ्या प्रशिक्षणातला सर्वांत उपयोगी भाग तोच होता आणि त्याचे प्रमाणपत्र माझ्याकडे नाही. तुमच्या चित्रपटांत मात्र तांड्यावरचे, पाड्यावरचे प्रत्येक मूल पहिल्या दिवसापासून अस्सल, थोडीशी गावरान केलेली मराठी बोलते. मग शिक्षकाला पहिल्या वर्षी नेमके काय अवघड जाते, ते प्रेक्षकाला कळणार कसे? नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त ते कुटुंब आपसांत कैकाडी बोलते आणि प्रेक्षकांचे त्यावाचून काही अडले नाही. मुलांना त्यांच्या भाषेत बोलू द्यावे, खाली मराठी शब्द द्यावेत आणि निदान पहिला अर्धा तास तरी प्रेक्षकालाही शिक्षकाइतकेच अडाणी ठेवावे, अशी माझी विनंती आहे.

आणखी एक गोष्ट, जी पुरुष लेखकांच्या ध्यानात सहसा येत नाही. या कथेतला नायक बहुधा मास्तर असतो, बाई क्वचितच. बाईची पहिली नेमणूक शाळेच्या दारात सुरू होत नाही. ती राहण्याच्या खोलीपासून सुरू होते, आणि त्याही आधी, खोली मिळेपर्यंत रोज परत कसे जायचे, या प्रश्नापासून. आमच्या शाळेला स्वच्छतागृह नव्हते, म्हणून मी सकाळी निघताना पाणी पीत नसे आणि संध्याकाळी डोके धरून घरी येत असे. हे मी कुणाला सांगितले नव्हते. एका शनिवारी शाळेमागे तुराट्यांचा आडोसा उभा राहिलेला दिसला. नायकांच्या घरच्या बायकांनी तो बांधला होता आणि त्याबद्दल त्या एक अक्षरही बोलल्या नाहीत. गावाने शिक्षकाला स्वीकारले, हे दाखवायला तुम्ही ढोल, फेटे आणि मिरवणूक वापरता. मला विचाराल तर तो तुराट्यांचा आडोसा दाखवावा.

परिस्थिती तशीच राहिली आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली. नाव वसतिगृह असले तरी बहुतेक ठिकाणी इमारत नसते. मुले गावात आजी-आजोबांकडे झोपतात आणि त्यांच्या दोन्ही वेळच्या जेवणाची सोय होते. जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड मिळते, म्हणजे ती थळाजवळच्या शाळेत जाऊन बसू शकतात. ऑक्टोबर लागला की आम्ही शिक्षक वहीपेन घेऊन घरोघर फिरतो, पोर मागे ठेवा म्हणून आज्यांना पटवतो, सुनांशी बोलतो, मुकादमांचे बोलणे ऐकून घेतो. कधी बारा मुले राहतात, कधी वीस. कुणाच्या घरी आजी वारलेली असते आणि मागच्या वर्षी राहिलेली तिन्ही भावंडे या वर्षी जातात. पटाची टांगती तलवारही आहेच. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार २०२३ साली पुढे आला, तेव्हा आमच्या केंद्रातले नवे शिक्षक पुन्हा तेच प्रश्न एकमेकांना विचारू लागले, जे २००१ साली गुरुजींनी मला विचारले होते.

म्हणून माझे मागणे थोडे व्यवहाराचे आहे आणि ते विशेषतः निर्मात्यांकडे आहे. हिरवळ हवी म्हणून तुम्ही चित्रीकरण जुलै-ऑगस्टात उरकता. ते एका वेळी उरकू नका. अर्धे पावसाळ्यात करा आणि अर्धे डिसेंबरात, त्याच शाळेत. रिकाम्या बाकांसाठी कलादिग्दर्शकाला काही करावे लागणार नाही. मात्र मुलांच्या भूमिका गावातल्याच मुलांना द्याल, आणि त्या त्यांनाच द्याव्यात, तर एक गोष्ट लक्षात असू द्या. ज्या मुलांबरोबर तुम्ही ऑगस्टात काम केले असेल, त्यांतली बरीच डिसेंबरात तुम्हांला सापडणार नाहीत. त्यांच्या आईबापांनी उचल घेतलेली असते आणि ती फेडावी लागते. तुमचे वेळापत्रक कोलमडेल, सातत्य बिघडेल, दिग्दर्शक वैतागतील. वैतागून कृपया शहरातली मुले आणून त्यांच्या चेहऱ्यांना माती लावू नका. जी मुले उरतील त्यांच्यावर चित्रीकरण करा आणि जी गेली त्यांच्या जागा तशाच ठेवा, म्हणजे नव्या शिक्षिकेला त्या दिवशी वर्गात काय दिसले ते तुम्हांला समजावून सांगण्याची गरज मला पडणार नाही.

शेवटाबद्दलही एक विनंती आहे. शिक्षिका बदली होऊन जाते, मुले रडतात, एसटी वळण घेते, असा शेवट करू नका. मी त्या तांड्यावर सहा वर्षे होते आणि माझी बदली झाली तेव्हा जूनचा महिना होता. कुणी रडले नाही, कारण सगळे पेरणीला गेले होते. तुमची शिक्षिका पुढच्या वर्षीही तिथेच असू द्या. दुसऱ्या ऑक्टोबरात ती पुन्हा वहीपेन घेऊन त्याच दारांत उभी राहू द्या. या वेळी तिला कुणाची आजी आजारी आहे, कुणाच्या वडिलांवर मागची उचल बाकी आहे आणि कोणत्या मुलीला पावती वाचता येते, हे सगळे माहीत असेल.

ते दोघे तरुण हे पत्र वाचत असतील तर त्यांनी पुन्हा यावे. पाऊस बघायला नको, दिवाळीच्या पाडव्यानंतरच्या आठवड्यात यावे. आदल्या दिवशी मुक्कामाला या, कारण गाड्या पहाटे चारच्या सुमाराला भरायला लागतात आणि तालुक्याहून पहिली एसटी आठ वाजता येते. भांडी, गोधड्या, कोंबड्यांची खुराडी आणि सर्वांत शेवटी मुले, असा चढवण्याचा क्रम असतो. थंडी असते, जाड कपडे आणा. मोबाइलचे ध्वनिमुद्रण सुरू ठेवायला माझी हरकत नाही, पण त्या वेळी मला प्रश्न विचारू नका. मी हजेरीपट घेऊन तिथे उभी असते आणि कोण चढले, कोण खाली राहिले, याची नोंद करत असते.

आपली,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळेतील एक शिक्षिका
बालाघाट परिसर, जिल्हा बीड